कापूस परभणीचा, धोरण मुंबईचं

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र इन्स्टिट्यूशन फॉर ट्रान्सफॉर्मेशन (मित्रा), मुंबई



राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरवर न्यायची, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याचा स्वतःचा विकास आराखडा असावा, या कामाची सूत्रं आपल्या संस्थेकडे आहेत. जिल्ह्यांची नियोजनाची ताकद वाढवण्यासाठी जागतिक बँकेने डिसेंबर 2024 मध्ये सुमारे 18.8 कोटी डॉलर मंजूर केले. त्या निधीवरचा महास्ट्राइड कार्यक्रमही आपणच चालवता. म्हणून हे पत्र एखाद्या मंत्र्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

मी परभणीत राहतो. जिनिंग, तेलगिरण्या, डाळमिली आणि मोंढ्यातल्या आडत दुकानांचे हिशेब लिहिणं, त्यांची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. या जिल्ह्यात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे वर्षभर कागदावर माझ्या डोळ्यांसमोर असतं. त्यावरून एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. परभणीचा धंदा ज्या निर्णयांवर तरतो किंवा बुडतो, ते निर्णय 'उद्योगस्नेही वातावरणा'च्या कुठल्याच मोजपट्टीत धरलेले नाहीत.

जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालात भारत 142 व्या क्रमांकावरून 2020 च्या अहवालात 63 व्या क्रमांकावर आला. त्याचा आनंद देशभर साजरा झाला. ती पाहणी मात्र मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवर बेतलेली होती. कंपनी नोंदवायला किती दिवस लागतात, गोदामाच्या बांधकामाला परवानगी कधी मिळते, वीजजोडणीला किती टप्पे आहेत, असे ते प्रश्न. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. तरी आपल्याकडच्या सरकारी विचारावर त्याचा ठसा अजून आहे. परवाने सोपे केले, मैत्री पोर्टलवर एक खिडकी उघडली, की वातावरण सुधारलं असं मानलं जातं. परवान्यांचा त्रास खरा होता आणि तो कमी झाला, हे मी नाकारत नाही. पण परभणीतली जिनिंग परवाना मिळाला नाही म्हणून बंद पडल्याचं मी पाहिलेलं नाही. ती बंद पडते ती भावामुळे, खेळत्या भांडवलामुळे आणि वर्षाचे सहा-सात महिने यंत्रं थांबलेली असतात म्हणून.

कापसाचं गणित सांगतो, कारण या जिल्ह्याचं अर्थकारण त्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतं. मानवत, सेलू, परभणीच्या हर्रासीत आलेल्या एका क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, 62-63 किलो सरकी, बाकी घट. पाच क्विंटल कापसाची एक 170 किलोची गाठ. सरकीचं थोडं तेल आणि ढेप इथे होते. गाठ मात्र ट्रकमध्ये चढते आणि तमिळनाडू, गुजरातकडे निघून जाते. सूत तिकडे, कापड तिकडे, शर्ट तिकडे. किमतीत खरी भर पडते ती गाठ जिल्ह्याबाहेर गेल्यानंतर. इथे उरते ती वेचणीची मजुरी, हमाली, तोलाई, आडत आणि जिनिंगवाल्याची गाठीमागची बारीकशी सुट. ती सुटही उसन्या पैशावर उभी असते. शेतकऱ्याचा चुकारा लगेच द्यावा लागतो, सूतगिरणी पैसे सवडीने देते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा 5 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने जिनिंगवालाच आधी रोखीने भरतो आणि नंतर वळता करून घेतो. दसऱ्यापासून होळीपर्यंत बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा गळ्यापर्यंत आलेली असते. त्या पाच-सहा महिन्यांत भाव एका अंगाला कलला, तर वर्षभराची कमाई जाते.

भाव कलतो कशाने? 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क शून्य केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातकर लावला होता, तिरुपूरच्या कपडे निर्यातदारांना स्वस्त कच्चा माल हवा होता. त्यांची अडचण खरी होती. पण परभणीचा कापूस बाजारात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झालेला, आणि खाजगी व्यापारी त्याखाली बोली लावत होते. हमीभावासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर जावं तर ॲपवर नोंदणी हवी आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. ते साल कोणतं होतं? सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात महापूर आला होता, बोंडं झाडावरच भिजली होती. राज्याने 31,628 कोटींचं मदत पॅकेज काढलं ते याच आपत्तीसाठी.

सोयाबीनचंही तेच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तेलगिरणीवाल्यांनी त्या हिशेबाने माल भरला. मे 2025 च्या अखेरीस ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं. नऊ महिन्यांत दोन उलट निर्णय. 4,892 रुपये हमीभाव असलेलं सोयाबीन त्या हंगामात मोंढ्यात चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. शहरातली महागाई आटोक्यात राहिली, निर्यातदारांना दिलासा मिळाला, आणि ही देशाच्या अर्थव्यवस्थेची बलस्थानं म्हणून गणली गेली. त्यांची किंमत कोणत्या जिल्ह्यांनी भरली, याचं खातं कुणी लिहिलं नाही. ते आपण लिहावं, ही माझी पहिली मागणी. शुल्क केंद्राचं, हे मला कळतं. पण प्रत्येक बदलाचा परभणीसारख्या जिल्ह्याच्या हंगामावर काय परिणाम झाला, याचा हिशेब मित्राने मांडला आणि राज्याने तो दिल्लीपुढे ठेवला, तर निदान ऐन आवकेत, पूर्वसूचनेशिवाय असे निर्णय घेऊ नयेत या मागणीला आधार मिळेल.

आता राज्याच्या हातातली गोष्ट. 2019 च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांत कारखाना काढणाऱ्याला राज्य जीएसटीच्या रूपाने परतावा मिळतो. अट अशी, की माल महाराष्ट्रातच विकला आणि पोचवलेला असावा. मुंबईत बसून ही अट रास्त वाटते. जो कर राज्याला मिळाला तोच परत द्यायचा. पण परभणीचा नैसर्गिक बाजार मुंबई कधीच नव्हता. आम्ही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरीच्या खोऱ्यातून जी रेल्वे आली ती सिकंदराबादेतून मनमाडकडे गेली. आजही हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. परभणीत तेलगिरणी काढून निजामाबादेत तेल विकणाऱ्याला, डाळमिल काढून हैदराबादला डाळ पाठवणाऱ्याला त्या विक्रीवर परतावा शून्य. म्हणजे मागास भागासाठीची सवलत त्या भागाने आपला जवळचा ग्राहक सोडला तरच पूर्ण मिळते. पुण्याजवळच्या कारखान्याला ही अट जाणवतसुद्धा नाही, आमच्या कारखानदाराला ती पहिल्याच वर्षी आडवी येते. सीमेलगतच्या आणि जुन्या हैदराबाद संस्थानातल्या जिल्ह्यांना परतावा विक्रीच्या ठिकाणाऐवजी यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर आणि दिलेल्या रोजगारावर मिळाला पाहिजे. हा बदल मुंबईतच होऊ शकतो.

परभणीत काहीच नाही, असं मात्र आराखड्यात लिहू नका. 18 मे 1972 रोजी इथे कृषी विद्यापीठ आलं, आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने आहे. हळद्या रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' भेंडी इथली. 'परभणी मोती' ज्वारी इथली. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी 2018 मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीने आली. सोयाबीनचे वाण तर मराठवाड्याबाहेरही पेरले जातात. आणि बियाण्याचा उद्योग कुठे उभा राहिला? शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जालन्यात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये तिथे महिको काढली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या पाठोपाठ जालन्यात बियाणे कंपन्यांची रांग लागली. एका गावात संशोधन, दुसऱ्या गावात उद्योग. यात जालन्याचा दोष काहीच नाही, त्यांच्या धडाडीचं मला कौतुकच आहे. पण पन्नास वर्षांत विद्यापीठाच्या कुंपणाला लागून बियाणे, प्रक्रिया, माती-पाणी तपासणी, यंत्रं यांचा एक औद्योगिक पट्टा का उभा राहिला नाही, हा प्रश्न आराखडा करणाऱ्यांनी विचारायलाच हवा. माझ्या मते उत्तर सोपं आहे. विद्यापीठ कृषी खात्याचं, औद्योगिक क्षेत्र उद्योग खात्याचं, आणि दोघांची बैठक घेणारा कुणी नाही. 'परभणी शक्ती'ची भाकरी मुलांच्या पोषण आहारात जायला लागली, तर शेतकऱ्याला ग्राहक मिळेल, दळण-पॅकिंगला गिरणी लागेल, आणि पोरांच्या अंगी रक्त येईल. असा एक धागा पकडून टोकापर्यंत नेणारं कुणीतरी हवं.

जवळ बाजार उभा राहिला की काय होतं, हे रेशमाने दाखवलं. मराठवाड्यातले शेतकरी पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. 2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली, प्रवास वाचला, भाव समोर कळू लागला, आणि तुतीची लागवड वाढत गेली. त्यासाठी गुंतवणुकीचे करार करायला दावोसला जावं लागलं नाही. जानेवारी 2025 मध्ये तिथे 15.70 लाख कोटींचे करार झाले, छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक नगरीत मोठ्या वाहन कंपन्या येत आहेत, त्याचं स्वागत आहे. पण मोठा कारखाना आला तर परभणीची पोरं तिकडे जातात, परभणी तिथे जात नाही. आत्ताही गंगाखेड-पालममधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आयटीआय झालेली मुलं चाकण-रांजणगावची गाडी धरतात.

उद्योग इथेच उभा करायचा, तर बांगलादेशाकडे बघा. तिथे कापूस नावापुरता पिकतो. तरी तो देश तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनखालोखाल पोचला. 1979 मध्ये तिथल्या देश गारमेंट्सने 130 जणांना कोरियातल्या देवूच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. त्यातल्या बहुतेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. निर्यातीच्या मालासाठी लागणारं कापड शुल्काशिवाय आणण्याची सोय सरकारने दिली आणि ती टिकवली. 2013 मध्ये राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली, ती वाढीच्या घाईची किंमत होती, आणि ती आपल्याला नको. घ्यायचं ते इतकंच, की आधी हात शिकले आणि धोरण स्थिर राहिलं. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत मोठं वस्त्रोद्योग संकुल होतं आहे. तिथे परभणीच्या मुली-मुलांची एक तुकडी शिकायला पाठवा, आणि परत आल्यावर त्यांना इथे शेड आणि पहिल्या तीन वर्षांचं खेळतं भांडवल द्या. जमिनीपेक्षा भांडवल जास्त अडतं.

पाणी आणि रेल्वेबद्दल थोडक्यात. जायकवाडीच्या 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्यावर आम्ही शेपटाकडे आहोत, त्यामुळे आवर्तनाची तारीख आधी कळणं हा इथे व्यवसायाचाच प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी 177 किलोमीटर दुहेरीकरणाला 31 जुलै 2025 रोजी मंजुरी मिळाली. त्यासोबत परभणी किंवा पूर्णा जंक्शनवर मालधक्का आणि गोदाम आत्ताच आखलं नाही, तर दुसऱ्या रुळावरून फक्त गाड्या जातील.

दोष आमचाही आहे. मोंढ्यात कमावलेला पैसा यंत्रांत कमी आणि प्लॉटिंगमध्ये जास्त जातो. गावाबाहेरची काळी जमीन अकृषक करून विकण्यात जोखीम नाही, म्हणून आमचे व्यापारी तिकडे वळतात. मी त्यांना दोष देतो, पण भाव आणि शुल्काची जी अनिश्चितता वर सांगितली, तिच्यात बारा-पंधरा वर्षांचं कर्ज काढून तेलाचा आधुनिक प्रकल्प उभारायला मन धजत नाही, हेही त्यांच्या खात्यांवरून मला दिसतं.

शेवटची मागणी माहितीची. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि अनुशेष सातत्याने मोजणारी एक जागा तेव्हा बंद झाली. आपण दरवर्षी परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध करा. किती प्रोत्साहन मंजूर झालं, प्रत्यक्ष किती खात्यात जमा झालं, किती उद्योग सुरू झाले आणि तीन वर्षांनी त्यातले किती चालू आहेत. तक्ता मराठीत असावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावा. तो भरायला मोंढ्यातली माहिती हवी असेल, तर माझ्यासारखे हिशेब लिहिणारे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. आम्ही विनामोबदला बसू. फक्त बैठक कापसाच्या हंगामात, डिसेंबरमध्ये घ्या आणि ती परभणीत घ्या.

कळावे,
आपला,
परभणीतील एक हिशेबनीस