रात्रीचा निळा दिवा कोणासाठी?

माशांच्या टाकीवरचा एलईडी दिवा विकत घेतला की हल्ली त्यासोबत एक छोटा रिमोट येतो. त्यावर पांढरा, निळा, लाल, हिरवा, जांभळा अशी बटणे असतात आणि सगळे रंग आळीपाळीने दाखवणारे एक बटणही असते. दिवसा पांढरा दिवा लावायचा हे सांगावे लागत नाही. रात्री कोणता, हा प्रश्न मात्र हमखास निघतो. दुकानदार बहुधा निळा सुचवतात, कारण ‘मूनलाइट’ म्हणजे चांदणे या नावाने तोच विकला जातो. काही अनुभवी मंडळी लाल सुचवतात, कारण माशांना लाल रंग दिसत नाही अशी त्यांची समजूत असते.

लाल रंगाबद्दलची समजूत समुद्रातून आली आहे. समुद्राचे स्वच्छ पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि वरच्या काही मीटरमध्येच त्याचा बहुतेक भाग संपतो. निळा प्रकाश सर्वांत खोल उतरतो. त्यामुळे खोल पाण्यातल्या बहुतेक माशांना लाल रंग दिसत नाही, हे खरे आहे. पण आपल्या घरची टाकी दीड-दोन फूट खोल असते. एवढ्याशा पाण्यात लाल प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा तळापर्यंत पोहोचतो.

शिवाय घरोघरी पाळले जाणारे बहुतेक मासे समुद्रातले नाहीत. नदी-तळ्याच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क उतरलेला असतो आणि तो उलट निळा प्रकाश आधी शोषतो. तिथल्या माशांचे डोळे त्या पाण्याला साजेसे घडले आहेत. गोल्डफिशच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यात तीनच. लाल टोकाकडे त्याची नजर आपल्यापेक्षाही थोडी पुढे जाते. आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या झेब्राफिशलाही चार प्रकारच्या शंकुपेशी आहेत. लाल दिवा लावला की मासे अंधारात राहतात, हा हिशेब त्यांच्या बाबतीत चुकतो.

निळ्या चांदण्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. चंद्रप्रकाश हा परावर्तित सूर्यप्रकाशच असतो आणि सूर्यप्रकाशाच्या तुलनेत तो किंचित तांबूसच भरतो. तो आपल्याला निळसर भासतो, कारण मंद प्रकाशात आपली दृष्टी शंकुपेशींकडून दंडपेशींकडे सरकते आणि दंडपेशी निळ्या-हिरव्या बाजूला अधिक संवेदनशील असतात. पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला, म्हणून या बदलाला त्याचे नाव मिळाले. पुढे सिनेमावाल्यांनी भर दिवसा चित्रीकरण करून त्यावर निळी छटा चढवली आणि निळे म्हणजे रात्र हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले.

रंगाइतकाच प्रश्न मात्रेचाही आहे. प्रकाश किती पडतो हे ‘लक्स’ या एककात मोजतात. स्वच्छ आकाशातली भर पौर्णिमा जमिनीवर जेमतेम पाव लक्स प्रकाश देते आणि तोही महिन्यातल्या मोजक्या रात्री. टाकीतले दगड, झाडे आणि माशांचे कल्ले स्पष्ट दिसतील इतका निळा प्रकाश त्याच्या कित्येक पट असतो. त्याला चांदणे म्हणणे ही विक्रीची भाषा झाली.

आता माशाला रात्र कळते कशी ते पाहू. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुलीही प्रकाशानुसार आकुंचन पावत नाही. डोळ्यांखेरीज मेंदूच्या वरच्या बाजूला असलेली पिनियल ग्रंथीही कवटीच्या पातळ भागातून झिरपणारा प्रकाश थेट टिपते. अंधार पडला की तिथून मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते आणि शरीराचे घड्याळ रात्रीवर येते. बर्लिनच्या लायब्निझ संस्थेतील संशोधकांनी पर्च या गोड्या पाण्यातल्या माशावर प्रयोग केले. रात्री फक्त 1 लक्स पांढरा प्रकाश असला तरी मेलाटोनिन घटते, असे त्यांना आढळले. निळा, हिरवा आणि लाल हे रंग वेगवेगळे वापरून पाहिले तेव्हाही ते घटलेच.

याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, हे 2019 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या क्लाउनफिशच्या प्रयोगातून दिसते. हा केशरी-पांढरा मासा खडकावर अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. पिल्ले सूर्यास्तानंतर, अंधार झाल्यावर बाहेर येतात, कारण त्या वेळी शिकाऱ्यांना ती सहज दिसत नाहीत. प्रयोगात काही जोड्यांच्या टाकीवर रात्रभर एलईडीचा मध्यम प्रकाश ठेवला. अंडी घालण्यात किंवा ती फळण्यात फरक पडला नाही, मात्र त्यांतून एकही पिल्लू बाहेर आले नाही. दिवा बंद करून रात्री पुन्हा अंधाऱ्या केल्या, तेव्हा पिल्ले येऊ लागली. सगळे सुरळीत दिसत असताना नेमकी शेवटची पायरी अडावी, असे नुकसान टाकीकडे नुसते पाहून लक्षात येत नाही.

झोपेचेही तसेच. प्रकाश सतत चालू ठेवला तर झेब्राफिशची झोप जवळजवळ नाहीशी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. निऑन टेट्राचा झळाळता पट्टा रात्री फिका पडतो. नवा हौशी माणूस पहाटे दिवा लावतो आणि मासा आजारी पडला म्हणून घाबरतो. ती त्याची झोपेतली नेहमीची अवस्था असते. सकर आणि इतर अनेक कॅटफिश मुख्यतः अंधारात खाण्यासाठी बाहेर पडतात. रात्रभर दिवा असला की ते दगडाआड दडून राहतात.

शेवाळाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. हरितद्रव्य प्रामुख्याने निळा आणि लाल प्रकाश शोषते. रिमोटवरचे हे दोन लाडके रंग भरपूर प्रकाशात रात्रभर ठेवले, तर काचेवर हिरवा थर वाढायला मदतच होते.

मग रंगांचा उपयोग कोणाला? पाहणाऱ्याला. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना पाळणारे गुलाबी-लाल दिवे लावतात, कारण त्या उजेडात माशाची लाली खुलून दिसते. प्रवाळाच्या टाकीवर निळा दिवा लावला की प्रवाळातील प्रथिने तो प्रकाश शोषून हिरवा किंवा केशरी प्रकाश बाहेर टाकतात आणि टाकी चमकू लागते. प्रवाळ चंद्रकलांनुसार अंडी सोडतात. म्हणून चंद्राप्रमाणे वाढणारा-घटणारा अतिमंद दिवा लावण्यात काही अर्थ असलाच, तर तो खाऱ्या पाण्याच्या अशा टाकीत आहे.

स्वतःच्या हौशीसाठी रंग लावण्यात गैर काही नाही, फक्त त्याला वेळेची मर्यादा हवी. मुख्य दिवा आठ-दहा तासांनी ठरल्या वेळी बंद करावा. त्यानंतर तास-दीड तास अगदी मंद निळा किंवा लाल, जो आवडेल तो चालेल. रंग बदलत राहणारे बटण मात्र वापरू नये. काळोखातून एकदम लख्ख उजेडही करू नये, कारण माशाच्या दृष्टिपटलाला जुळवून घ्यायला अर्धा तास सहज लागतो आणि बिचकलेला मासा काचेवर आदळतो किंवा बाहेर उडी मारतो. सकाळी आधी खोलीत उजेड येऊ द्यावा, मग टाकीवरचा दिवा लावावा. टाकी दिवाणखान्यात असेल आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील, तर तिच्यावर एक जाड कापड टाकावे. हे रोज लक्षात ठेवायचे नसेल, तर काही शे रुपयांचा टायमर पुरतो. झोपण्यापूर्वी दिवा आपोआप बंद होईल असा तो लावावा आणि सकाळपर्यंत टाकीवर कोणत्याही रंगाचा दिवा ठेवू नये.