मालमोटारीस दुसरी बॅटरी : बियाण्याची कणगी निराळी ठेवा

शेतकऱ्याच्या मालमोटारीचें काम आतां केवळ माल बाजारांत पोंचविण्यापुरतें राहिलेलें नाहीं. गाडी बांधावर उभी करून तिच्या बॅटरीवर फवारणीचा पंप चालवावा, रात्रीं भाजीची तोडणी व भरणी चालू असतां दिवे लावावे, ही रीत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. सोय खरी, परंतु पहाटे सेल्फ मारावा तों गाडी नुसती टिकटिक करिते, आणि भरलेला माल जागींच कोमेजूं लागतो. यावर दुसरी बॅटरी बसविणें हा योग्य उपाय आहे, असें आमचें मत आहे. मात्र कित्येक जण ती ज्या रीतीनें बसवितात, ती रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

ती रीत अशी कीं, दोन्ही बॅटऱ्या जाड तारेनें कायमच्या जोडून टाकावयाच्या. यानें सांठा वाढतो, पण धोका टळत नाहीं. दिवे दोहोंतूनहि वीज ओढतात व सकाळीं दोन्ही सारख्याच रित्या होतात. शहाणा शेतकरी बियाण्याचें धान्य खाण्याच्या कणगींत मिसळीत नाहीं. गाडी सुरू करणारी बॅटरी हें बियाणें होय. कामाच्या दिव्यांनीं तिला शिवतां कामा नये.

यासाठीं दोहोंमध्यें व्होल्टेज ओळखणारा रिले बसवावा. इंजिन चालूं लागून व्होल्टेज सुमारें १३.३ वर चढलें कीं तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद होऊन तें १२.८ च्या आसपास उतरलें कीं त्यांस तोडतो. कांहीं नव्या गाड्यांत, विशेषतः २०२० सालीं बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या, अल्टर्नेटरचें व्होल्टेज गाडीचा संगणक कमीजास्त करितो. तेथें साध्या रिलेचा भरंवसा न धरितां डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा. दुसरी बॅटरी लिथियमची असल्यासहि तोच घ्यावा.

दुसरी बॅटरी किती मोठी असावी, याचा हिशेब मांडावा. पंप ५ अँपिअर व ४० वॅटचे दिवे सुमारें साडेतीन अँपिअर ओढीत असतील, तर ४ तासांत ३४ अँपिअर-तास खर्च होतात. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य घटतें. म्हणून ती ७० अँपिअर-तासांची पाहिजे. ती जाड पट्ट्यांची, डीप-सायकल जातीची असावी. सेल्फच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात, कारण तिला थोडे सेकंदच मोठा प्रवाह द्यावयाचा असतो.

फ्यूजाच्या बाबतींत तर काटकसर करूंच नये. दोन बॅटऱ्यांमधील तारेस दोन्ही टोकांकडून वीज मिळते. तार पत्र्यावर घासून सोलली व एका टोकाचा फ्यूज गेला, तरी दुसऱ्या टोकाकडून प्रवाह चालूच राहतो आणि गाडी पेटूं शकते. म्हणून प्रत्येक बॅटरीजवळ एकेक फ्यूज हवाच. पाण्याच्या बॅटरींतून भरतांना हायड्रोजन वायु निघतो, यास्तव ती चालकाच्या बंद खोलींत ठेवूं नये. बाहेर, हवेशीर जागीं, पट्ट्यानें घट्ट आवळून ठेवावी.

कोणी म्हणेल, इतकी यातायात कशास? चार माणसांनीं धक्का दिला कीं गाडी सुरू होते. परंतु भरलेली गाडी चिखलांत चार माणसांस हलत नाहीं. आणि अपरात्रीं घरांतील आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें झाल्यास चार माणसें कोठून आणावीं? गाडी व माल यांच्या किंमतीपुढें रिले व फ्यूज यांचा खर्च क्षुल्लक आहे. ज्यास तोहि करावयाचा नसेल, त्यानें दुसरी बॅटरी बसवूंच नये. इंजिन चालू ठेवून एकीवरच काम भागवावें. अर्धवट केलेल्या सोयीपेक्षां तें अधिक निर्धोक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.