दप्तरातली बाटली आणि मोठ्यांचा राग

नववीतल्या मुलाच्या दप्तरात थिनरची बाटली सापडते, किंवा त्याच्या रुमालाला पंक्चर काढायच्या सोल्यूशनचा वास येतो. पुढचे बहुतेक ठिकाणी ठरलेले असते. वर्गासमोर झडती, दोन थपडा, पालकांना बोलावणे आणि शेवटी हातात शाळा सोडल्याचा दाखला. शिस्त लावल्याचे समाधान मोठ्यांना मिळते, मूल मात्र हातून निसटते.

दारू, तंबाखू आणि गांजाबद्दल बरेच बोलले जाते. हुंगण्याच्या नशेबद्दल फारसे नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के मुले ही नशा करतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण ०.५८ टक्के आहे. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकमेव नशा. कारण उघड आहे. वस्तू स्वस्त, घरात आणि दुकानात सहज मिळणारी, आणि ती विकत घेणाऱ्या मुलाचा कुणाला संशयही येत नाही.

या द्रव्यांची वाफ फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. दीर्घ वापराने स्मरणशक्ती, शरीराचा तोल, यकृत आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. पण त्याहून तातडीचा धोका हृदयाला असतो. वाफेमुळे हृदय अ‍ॅड्रेनालिनला अतिसंवेदनशील बनते. अशा वेळी मूल घाबरले किंवा जोरात पळाले, तर हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. अगदी पहिल्याच वेळीही. म्हणून नशेत सापडलेल्या मुलावर ओरडू नये, त्याचा पाठलाग करू नये. त्याला मोकळ्या हवेत आणावे, शांत बसवावे. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर फोन करावा.

जाब विचारणे नंतरचे, आणि तेही एकांतात. नशेमागे अनेकदा मित्रांचा आग्रह असतो, घरातली भांडणे असतात, नापास होण्याची भीती असते. दाखला हातात दिला की यांतले काहीच सुटत नाही. उलट मुलाला ओळखणारे शिक्षक आणि दिवसाचे बांधलेले वेळापत्रक, दोन्ही जातात.

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याचा रोख पुरवणाऱ्यावर आहे, मुलावर नाही. शाळेनेही तोच ठेवावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हे निःशुल्क क्रमांक प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असायला हवेत. दाखल्याच्या कोऱ्या फॉर्मआधी हात त्यांच्याकडे जायला हवा.