ऑस्कर रॉबर्टसन : विक्रमाआड झाकलेला खटला

अमेरिकन बास्केटबॉलमधील ऑस्कर रॉबर्टसन या गार्डचे नाव निघाले की प्रसारमाध्यमे आकडे सांगतात. १९६१-६२ च्या हंगामात सिनसिनाटी रॉयल्सकडून खेळताना त्यांनी सरासरी प्रत्येक सामन्यात ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट नोंदविले. असा हंगाम पुन्हा दिसायला २०१६-१७ साल उजाडले. रसेल वेस्टब्रुक या दुसऱ्या काळ्या गार्डने तो साधला. आकडे खरे आहेत. पण चळवळीच्या माणसाने रॉबर्टसन एवढ्यावरच सोडून द्यावेत, हे आम्हाला मान्य नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याकडूनच नाव घेतले होते. तो इतिहास आपल्याला परका नाही.

इंडियानापोलिस शहरात १९२७ साली काळ्या मुलांसाठी क्रिस्पस अ‍ॅटक्स ही वेगळी शाळा काढली गेली. गोऱ्यांच्या वर्गात काळी मुले नकोत, हाच त्यामागचा हेतू. कु क्लक्स क्लानचा त्या राज्यात तेव्हा दबदबा होता. मात्र उच्चशिक्षित काळ्या विद्वानांना इतरत्र नोकरीची दारे बंद, म्हणून ते याच शाळेत शिकवायला आले! १९५५ साली या शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकले. संपूर्ण काळ्यांच्या शाळेने असे खुले राज्य विजेतेपद मिळविण्याची अमेरिकेतील ही पहिली वेळ. विजेत्यांचा सत्कार शहराच्या मध्यवर्ती चौकात होण्याची प्रथा होती. या पोरांची गाडी मात्र चौकाला एक फेरी मारून थेट काळ्यांच्या वस्तीतील बागेत पाठविण्यात आली. त्या संघात रॉबर्टसन होते. पुढच्या वर्षी संघ एकही सामना न हरता पुन्हा जिंकला. कॉलेजात असताना ह्यूस्टनच्या हॉटेलाने त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला. १९६० साली त्याच देशाला त्यांनी ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले.

गुणवत्ता सिद्ध केली की जात विसरली जाते, वर्ण विसरला जातो, असे आपल्याला सांगणारे शहाणे कमी नाहीत. त्यांनी याचे उत्तर द्यावे.

व्यावसायिक खेळात वेगळेच जोखड होते. करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच ताब्यात. दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची सोय नाही. मालकाला मात्र खेळाडूची अदलाबदल करता येई. हे जोखड काळ्या-गोऱ्या दोघांच्याही मानेवर होते. १९६४ साली बॉस्टनला ऑल-स्टार सामन्यापूर्वी खेळाडूंनी पेन्शनचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरण्यास नकार दिला. त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू रॉबर्टसनच ठरले. १९६५ मध्ये ते खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

१९७० साली एनबीए आणि प्रतिस्पर्धी एबीए या लीग एकत्र करण्याचा घाट मालकांनी घातला. दोन गिऱ्हाइके असली तरच कष्टाला भाव मिळतो. विलीनीकरण झाले असते तर एकच उरले असते. संघटनेने न्यायालय गाठले आणि खटल्यावर पहिले नाव रॉबर्टसन यांचे लागले. कारकीर्द ऐन भरात असलेल्या, मालकांच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने हे केले. त्याच वर्षी त्यांची मिलवॉकी बक्सकडे रवानगी झाली आणि १९७१ मध्ये त्यांनी त्या संघासोबत अजिंक्यपद जिंकले. कोर्टाची लढाई चालूच होती.

१९७६ साली तडजोड झाली. करारानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारे कलम गेले, दुसऱ्या संघाकडे जाण्याची वाट खुली झाली. त्या नियमाला आजही रॉबर्टसन यांचेच नाव आहे. ते स्वतः १९७४ सालीच निवृत्त झाले होते. या नियमाखाली ते एक सामनाही खेळले नाहीत.