चित्ता कोल्हापूरचा होता, सह्याद्रीचा नव्हे

संस्थानकाळातील छायाचित्र, जुनी कवटी किंवा जीर्ण कातडे पुढे करून ‘सह्याद्रीच्या रानात चित्ता होता’ असे ठासून सांगणाऱ्यांना कोल्हापूरचा इतिहास सोयीपुरताच हवा असतो. करवीरात चित्ता होता, हे खरे. पण तो दरबाराने पाळलेला, काळविटाच्या शिकारीसाठी शिकवलेला. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर, २०व्या शतकाच्या पूर्वार्धात, भावनगरप्रमाणे कोल्हापूरनेही आफ्रिकेतून चित्ते आणविले. बंदिवासात त्यांची वीण होत नसे. जहांगीराच्या काळातील एक प्रसंग अपवाद म्हणूनच सांगितला जातो. मग राजवाड्याच्या परिसरातले हाड कोणत्या रानाची साक्ष देणार?

तेही हाड चित्त्याचे असेल तर! बिबळ्याला ‘चित्ता’ म्हणण्याची खोड जुनी आहे. बिबळ्याची कवटी लांबट, सुळे दणकट. चित्त्याची आखूड व घुमटाकार, सुळे लहान. बिबळ्याच्या कातड्यावर पोकळ वर्तुळे, चित्त्याच्या कातड्यावर भरीव ठिपके. एवढे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे पुरतात.

दख्खनच्या मोकळ्या माळांवर देशी चित्ता एके काळी धावत असे. वाद त्याविषयी नाही. दाजीपूरच्या दाट झाडीत तो काळवीट कोठे गाठणार होता, एवढेच दावेदारांनी सांगावे.