सोपं कोण करणार?

शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसं ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. आज शिसं ओतत नाहीत. नोटीस पाठवतात.

मागल्या महिन्यात आमच्या वस्तीत आली. 'सदर बांधकाम निष्कासित करण्यात येईल. तत्पूर्वी हरकत असल्यास सात दिवसांचे आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी सादर करावी.' मी मॅट्रिक, कविता करतो, तरी 'निष्कासित'ला अडखळलो. शेजारची मावशी चौथी शिकलेली. तिच्या पोरानं मोबाइलमधल्या मशीनला सांगितलं, सोपं करून दे. मशीन म्हणालं, 'तुमचं घर पाडणार आहेत. सात दिवस आहेत.' मावशी भांडी बांधायला लागली. हरकतीचं वाक्य मशीननं गिळलं होतं. घर वाचवायचा एकच रस्ता, तोच अवघड म्हणून कापला!

दोस्तांनो, नुसत्या मशीनला शिव्या देऊन भागणार नाही. जर्मनीत 'लाइख्टे श्प्राखे', म्हणजे सोपी भाषा, कुणी वाढली नाही. ज्यांना मतिमंद म्हणून हिणवलं त्या माणसांनी ती भांडून घेतली. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट, अवघड शब्द आला की तिथंच त्याची फोड. २०११ च्या नियमानं तिथल्या केंद्र सरकारच्या वेबसाइटना या भाषेत माहिती देणं भाग पडलं. आता हे काम करणारी सॉफ्टवेअरं तिथं विकली जातात. पण चळवळीचा नियम पक्का आहे : ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचून 'कळलं' म्हटल्याशिवाय मजकूर पुरा नाही.

आणि इथं? राजभाषेचा कायदा १९६४ चा. कारभार मराठीत आला, पण कुणाच्या मराठीत? 'अनुज्ञेय', 'विहित', 'उपरोक्त'. च्यायला, साहेब गेला नि पंतोजी बसला. सुप्रीम कोर्टानं २०१९ ला 'सुवास' नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं. चांगलं केलं. पण इंग्रजीतलं कुलूप मराठीत आणलं म्हणून दार उघडत नाही.

सरकारनं सोपं करायचं मशीनही आणावं. फक्त तपासायला आमच्या मावशीला बसवावं, रोज देऊन. भाषेचा डॉक्टर नको. ती 'नाय कळलं' म्हणाली की कागद माघारी. आणि मूळ कागद सोबत टाचलेला पाहिजे, काय कापलं ते दिसायला.

आमची हरकत सहाव्या दिवशी गेली. मावशीनं सांगितली तशी मी लिहिली. कारकुनानं वाचली, म्हणाला, "ही काय भाषा झाली? नीट लिहून आणा."