वर्गणीचा पैसा कोणाचा?

चेन्नईहून एका वाचकांनी या सदराकडे विचारणा केली आहे. तेथील मराठी कुटुंबांसाठी आठ पानांचे मासिक वार्तापत्र काढावे, वर्षाची वर्गणी आगाऊ घ्यावी आणि निवृत्तीनंतरचा घरखर्च त्यावर चालवावा, असा त्यांचा मानस आहे. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम त्यात घालण्याचीही तयारी आहे. हा व्यवसाय होईल की नुसती हौस, असे ते विचारतात.

वाचकहो, उत्तर शोधण्यास चेन्नईबाहेर जाण्याचे कारण नाही. २० सप्टेंबर १८७८ रोजी तेथील सहा तरुणांनी 'द हिंदू' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. दोघे शिक्षक, चौघे कायद्याचे विद्यार्थी. टी. मुथुस्वामी अय्यर यांची उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक होताच गोऱ्यांच्या पत्रांनी गहजब केला होता. त्याला उत्तर द्यावे, हा हेतू. भांडवल म्हणजे उसने आणलेले एक रुपया बारा आणे! मिंट स्ट्रीटवरील श्रीनिधी छापखान्यात ८० प्रती निघाल्या. किंमत चार आणे. सगळ्या प्रती रोखीने खपल्या असे धरले, तर वीस रुपये होतात. कागदावर याहून किफायतशीर धंदा सापडावयाचा नाही.

पत्राचा लौकिक वाढला. १८८३ पासून ते आठवड्यातून तीनदा आणि १८८९ पासून दररोज निघू लागले. तिजोरी मात्र भरली नाही. १८९८ मध्ये संपादक जी. सुब्रह्मण्य अय्यर बाहेर पडले आणि एम. वीरराघवाचारियार एकटेच गाडा ओढत राहिले. १९०५ मध्ये कस्तुरीरंग अय्यंगार यांनी ७५,००० रुपयांस पत्र विकत घेतले, तेव्हा खप अवघा ८०० च्या घरात होता. हे गृहस्थ वकील. त्यांनी थकबाकीदारांचे अंक बंद केले आणि वर्गणी आगाऊ मागितली. वाचक रागावतील या भीतीने संपादक जे करीत नाही, ते त्यांनी केले.

आता आपल्या पत्रलेखकांचा हिशेब पाहू. समजा, २०० वर्गणीदारांनी प्रत्येकी ३०० रुपये दिले. पहिल्याच महिन्यात ६०,००० रुपये हाती येतात, आणि फसगत येथेच होते. ही कमाई नव्हे. बारा अंकांचे हे देणे आहे. दरमहा त्यातील ५,००० रुपयेच आपले, आणि कागद, छपाई व टपाल त्यातूनच भागवावयाचे. पाच अंकांनंतर पत्र बंद पडले, तर ३५,००० रुपये परत करावे लागतील. ते तोवर घरात खर्च झाले असले तर? शिवाय लिहिणाऱ्याच्या व भाषांतरकाराच्या मेहनतान्याचा रकाना अशा अंदाजपत्रकात नसतोच, हे मी स्वानुभवाने सांगतो.

बातम्या आज हातातल्या फोनवर फुकट येतात. त्यासाठी कोणी पैसे देणार नाही. शाळाप्रवेश, भाड्याची घरे, उपवर मुलामुलींची माहिती, गावी जाण्यायेण्याची सोय, अशा गोष्टी खात्रीपूर्वक मिळाल्या तर कदाचित देतील.

तेव्हा पत्रलेखकांनी निधीला तूर्त हात लावू नये. एक नमुना अंक काढून तो घरोघर स्वतः दाखवावा. शंभर कुटुंबांनी पावती फाडून पैसे दिले, तरच छापखान्याशी बोलणे करावे. आणि वर्गणीचे खाते घरखर्चाच्या खात्याहून वेगळे उघडावे. पहिल्या वर्षी त्यातून घरी काही येईल, असे धरू नये. दुसऱ्या वर्षी शंभरांपैकी किती जण न सांगता वर्गणी पाठवतात, ते पाहून पुढचे पत्र आम्हांस अवश्य लिहावे.